सांता क्लाराला वाहिलेली अंडी

जीपनीत, म्हणजे फिलिपिन्समधल्या लांबोळक्या वडाप गाडीत, सिद्राबाईंच्या समोर एक म्हातारा आणि त्याची लग्न ठरलेली लेक बसली होती. सिद्राबाईंनी कान तिकडेच लावले. फुकट मिळालेलं सोडायची त्यांच्या घराण्याची रीतच नव्हती.

"अंडी उबवायचं थर्माकोलचं खोकं तयार, बल्ब लावला, पाण्याची वाटी ठेवली. आता हा थर्मामीटर लटकवायचा, आज नुसतंच तापवून बघायचं, अन् उद्या अंडी आत!" म्हातारा हातातला थर्मामीटर नाचवत म्हणाला.

"आजचा दिवस रिकामंच कशाला तापवायचं, ताताय?" लेकीने बापाला विचारलं.

"ऊब एकसारखी राहते का बघायला नको? ऐऱ्यागैऱ्याची अंडी आहेत का ती? त्यांचा बाप कोंबड्यांच्या झुंजीत एकदा हरला नाही!"

"ती अंडी ना... मी काल संत सांता क्लाराच्या मठात वाहिली."

"सगळी?"

"लग्न ऐन पावसाळ्यात. त्या दिवशी पाऊस नको, म्हणून सगळेच वाहतात."

"सगळे दुकानातली वाहतात, पोरी!"

"माझ्या लग्नाला दुकानातली?"

"ऊठ. परत मागून आणू."

"सिस्टरांनी लगेच केक केला त्यांचा. मलाही दिला."

"कुठाय?"

"सकाळी कॉफीबरोबर तुम्हीच संपवलात."

म्हाताऱ्याने हातातला थर्मामीटर खिशात घातला.

"तरीच म्हटलं, केक एवढा फुगला कसा!"