वाकडी न झालेली शिवण

१९९४ साली डोकेदुखीच्या डॉक्टरांकडे एक निवृत्त शिक्षिकाबाई नंबर लावून बसल्या होत्या. तेवढ्यात आतून एक शिंपीणबाई जवळजवळ धावतच बाकावरच्या सासूपाशी आली.

"आई, माझं डोकं दुखणं सोंग नाही हो! मेंदूत लाट उठते, लाट!"

"हळू बोल. कसली लाट?"

"विजेची! पेशी एकीमागून एक पेटतात नि गप्प होतात. मुंगीच्या पावलानं सरकते ती. डोळ्यांपुढची चकाकी तीच! मग नसा ठणाणा करतात."

"म्हणजे परवा तू तीनदा उसवलीस ती शिवण..."

"सरळच होती! वाकडी मला दिसत होती."

"आधी ठिपका, मग कडेनं करवतीचे दात?"

"अय्या! तुम्हाला कसं कळलं?"

"मी मशीन का सोडलं, वाटतं तुला? तुझे सासरे कामचुकार म्हणायचे मला."

"आणि तुम्ही मला!"

"हो, म्हणाले मी. जीभ झडो माझी! आता माझाही नंबर लाव."

"माझा घ्या," शिक्षिकाबाई म्हणाल्या.

शिक्षिकाबाईंची डोकेदुखी पुढे चष्म्यानंच थांबली. सासूबाई अडुसष्टाव्या वर्षी पुन्हा मशीनवर बसल्या. चकाकी दिसली की सासू-सून दोघी कापड बाजूला ठेवत. उसवत मात्र कोणी नसे.