गोऱ्हा वेगळा बांधा

जनावरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक नवराबायको बसले होते. डॉक्टर हात पुसत बाहेर आले.

"कालवड चार महिन्यांची गाभण आहे."

"चौदा महिन्यांची पोर ती, डॉक्टर. कसं शक्य आहे?"

"वयापेक्षा वजन महत्त्वाचं. खुराक चांगला, म्हणून माजावर लवकर आली."

"खुराक मी घातला. पण गोऱ्हा वेगळा बांधा, हे यांना सांगून जीभ झिजली माझी."

"अगं, आठ महिन्यांचा होता तो तेव्हा. आईला पीत होता."

"तेवढं वय पुरतं त्याला," डॉक्टर म्हणाले.

"सुखरूप विणार ना ती?"

"कंबर अरुंद आहे. आत्ता काही सांगत नाही. गोऱ्हा कुठे आहे?"

"गोठ्यात. मोकळाच."

"एकटा?"

"...अगं, आपली धाकटी कालवड किती महिन्यांची झाली?"

"नऊ. उठा आधी."