मी येईपर्यंत हलायचं नाही

उत्तर-दक्षिण यादवीतली, मिसूरीतली ती आमची पहिलीच लढाई. मेलेले उचलण्यापुरता तह झाला होता. झऱ्यावर पाण्याच्या रांगेत माझ्यापुढे उत्तरेचा एक शिपाई, त्याच्यामागे आमचा दक्षिणेचा एक. उत्तरेचा मागे वळून म्हणाला,

“तुमचे कर्नल प्रुइट काल आमच्यातच घुसले की!”

“त्यांना वाटलं, आपलीच पलटण. तुमचेही डगले राखाडीच.”

“आल्या आल्या खेकसले, ‘रांग वाकडी का? सरळ उभे राहा!’”

“आणि तुम्ही?”

“राहिलो! मग त्यांना आमचा झेंडा दिसला.”

“अरे देवा!”

“म्हणाले, ‘मी येईपर्यंत कोणी हलायचं नाही.’ आणि सावकाश निघून गेले.”

“कुणी गोळी नाही झाडली?”

“कसली गोळी! आमचे कर्नलच सलाम ठोकून उभे. पाणी कुणाला नेतोस?”

“आमच्या कर्नलसाहेबांनाच. काल संध्याकाळी छातीत गोळी लागली.”

“मग मागे काय उभा राहिलास? ए, वाट द्या रे याला!”