विसावी बाई

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष, आमच्या लघुउद्योजक संघाचे मनोहरराव, प्रमुख पाहुणे कारखाना निरीक्षक मधुसूदन साहेब, सत्कारमूर्ती बायजाबाई आणि हात धुऊनही बोटांना तिखटाचा वास असलेल्या माझ्या सगळ्या मैत्रिणींनो,

मला मसाला जमतो, भाषण जमत नाही. पण मालकीण मी, तेव्हा बोलणं मलाच भाग आहे.

बायजाबाईंना आज आपण शाल-साडी देतोय. वय झालं म्हणून नाही हं! कळमन्याच्या बाजारातून आलेलं मिरचीचं पोतं त्या अजूनही एका दमात ओढतात. मग काम का सोडतायत? साहेब, आपण पाहुणे आहात, आपल्यासमोर सांगू का? आपल्याला ठाऊकच आहे म्हणा.

दिवाळीच्या मोठ्या ऑर्डरसाठी मी त्यांच्या सुनेला, पायलला, कामावर घेतलं. ती विसावी. वीस माणसं झाली की आमची शेड कायद्याने कारखाना ठरते, आणि मग बाहेर पडायला दुसरं दार लागतं. आमच्या तिन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती. दार काढू कुठे? दुसरी जागा घ्यायची ऐपत नाही.

साहेब पाहणीला आले तेव्हा बायजाबाई आपण होऊन मिरचीच्या गोदामात लपल्या. आता सांगा, लपायला कोणी मिरचीचं गोदाम निवडतं का? साहेब मोजत मोजत एकोणीसवर थांबले आणि आतून शिंक आली. मग दुसरी. तिसरीला तर साहेबांनी गोदामाचं दार उघडून स्वतःचा रुमाल पुढे केला. हसा, त्या दिवशी साहेबही हसले होते. हसून झाल्यावर म्हणाले, "बाई, दुसरं दार काढा, नाहीतर एक माणूस कमी करा."

मला फार राग आला. पण मिरची भाजायच्या भट्टीकडे पाहिलं की वाटतं, आग लागली तर या बायका निघतील कुठून? आणि एकोणीस असल्या तर आग लागत नाही का, हेही विचारावंसं वाटतं. नियम खोटा नाही साहेब, माझी अडचणही खोटी नाही. मध्ये मी अडकले आहे.

कोणाला काढू, ठरेना. तेव्हा बायजाबाईच म्हणाल्या, "ताई, काहून एवढा विचार करून राहिल्या? पायलले राहू द्या. तिले अजून संसार करायचा हाय. मी बसतो घरी." घरी बसणं त्यांना जमायचं नाही. पायलला हे माहीत आहे, म्हणून तर ती सकाळपासून मान वर करत नाही.

मनोहरराव मघाशी म्हणाले, उद्योग वाढला पाहिजे. टाळ्या मीही वाजवल्या. पुढची मोठी ऑर्डर मी कालच नाकारली आहे.

अध्यक्षांचे, साहेबांचे, आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कोणाला लागलं असेल तर सभेने सांभाळून घ्यावं. बायजाबाईंची माफी मात्र मी अशी माइकवर मागणार नाही. उद्या सकाळी त्या कामावर आल्या की मागायची, असं मनाशी ठरवून आले होते. आत्ता बोलता बोलता लक्षात आलं, उद्या त्या येणार नाहीत.