रविवारी गाडी कोण चालवणार

डोळ्यांच्या दवाखान्यात एक शिक्षिका नंबराची वाट बघत बसली होती. मागच्या बाकावर एक वयस्कर नवरा-बायको बोलत होते.

"डॉक्टर म्हणाले ना, आता गाडी चालवायची नाही."

"मग रविवारी तळ्यावर कसं जायचं?"

"मी चालवीन. लायसन्स काढलंय."

"मला न सांगता?"

"सांगितलं असतं, तर तुम्हीच शिकवायला बसला असता."

"खरं सांगू? इतकी वर्षं गेलो, पण मी नुसता रस्ता बघितला. तळं नीट बघायचं राहूनच गेलं."

"मग आता बघा की."

"आता काय दिसणार, कपाळ?"

"दिसेल तेवढं बघा. उरलेलं मी गाडी थांबवून सांगेन."

शिक्षिकेचं नाव पुकारलं गेलं. ती दुसऱ्या हाकेला उठली, तेव्हा मागून आवाज आला,

"वळणावर हॉर्न मात्र द्यायचा हं."