अभिप्रायाचा रकाना

(घाटंजीजवळच्या तलावाची पायवाट. सकाळ.)

पुंडलिकराव : ते पत्र दिवाळीआधीच आलं होतं, गंगी. उत्तर द्यायचं राहून गेलं.

गंगी : राहून गेलं, का गुपचूप देऊन टाकलं? तारेच्या कुंपणाचे खांब येऊन पडले तलावावर. आता माया बकऱ्यांनं पाणी कुठं प्यावं?

पुंडलिकराव : खांब मी मागितले नाहीत.

गंगी : मंग उद्यान समितीची मॅडम तुमचंच नाव काहून घेते?

पुंडलिकराव : हे बघ, पत्र. उत्तराची जागा कोरीच आहे.

गंगी : चष्मा घरी राह्यला माया. तुमीच वाचा. सोडून सोडून नाई.

पुंडलिकराव : ‘येणाऱ्यांची आवड पाहून तलावाची व्यवस्था करायची आहे. तलावावरच्या अभिप्रायवहीत आपण एकशे बारा वेळा “शांतता हवी” असं लिहिलं आहे. ती कशानं बिघडते? गाड्या, स्पीकर, जनावरं. खूण करा. उत्तर न आल्यास तिन्ही धरून कुंपण घालू.’

गंगी : एकशे बारा डाव?

पुंडलिकराव : मी झाडाखाली वाचत बसतो. वहीत सही केली की पुढं अभिप्रायाचा रकाना. रिकामा सोडायला लाज वाटायची. पहिल्या दिवशी जे सुचलं, तेच रोज लिहिलं.

गंगी : अन् बकऱ्यांचा तरास?

पुंडलिकराव : नाही. एकदा पुस्तकाचं पान खाल्लं, तेवढंच.

गंगी : ते नाई ना लिहिलं?

पुंडलिकराव : नाही, नाही.

गंगी : मंग जबाब काहून नाई धाडला?

पुंडलिकराव : चारदा लिहिला, फाडला. वाटलं, माझं मत कोण विचारतं.

गंगी : खांब आले ना त्याच मतानं. मायं नाव हाये त्या वहीत?

पुंडलिकराव : ती वही फिरायला येणाऱ्यांची.

गंगी : तीस वर्सं झाले मले येऊन. खांब अजून गाडले नाई. लिहा, मायासमोर.

पुंडलिकराव : ‘जनावरांचा त्रास नाही. बकऱ्यांची पाण्याची वाट मोकळी ठेवावी.’ बरं आहे का? जरा उद्धट वाटतं...

गंगी : तुमचा चष्मा द्या इकडं. पाहू द्या मले. हं. आता खाली मी बी सही करतो. तुमच्या एकट्याचा भरोसा नाई.

पुंडलिकराव : सोबत आलेल्या पाकिटात घालून उद्या टपालपेटीत टाकतो.

गंगी : आत्ताच. मी येऊन राह्यली संगं.

पुंडलिकराव : (रस्त्यावरच्या टपालपेटीपाशी येऊन) ही पेटी. शेवटची ओळ बदलू का?

गंगी : सोडा जी पाकीट.

पुंडलिकराव : सोडलं.

गंगी : मंग हात काढा पेटीतून. लोकं पाहून राह्यले.