पडणारा गडी

(वेल्हे तालुक्यातली, तोरण्याच्या अंगची डोंगरातली धनगरवस्ती. सकाळची वेळ. भीमा उतारावर गवतात बसलेला. त्याचा चुलतभाऊ रोहिदास मोबाईल धरून उभा. भीमाची बायको स्वप्नाली पाण्याची कळशी घेऊन नुकतीच वर आलेली.)

रोहिदास: वहिनी, मध्ये येऊ नका, शॉटमध्ये दिसताय. इकडं माझ्यामागं या. आणि हे बघा, आत्ता घेतलं ते. कसला पडलाय दादा! मी पाय ओढत ये म्हणून सांगितलंसुद्धा नव्हतं. आपल्या मनानं केलं त्यानं.

स्वप्नाली: केलं का झालं?

रोहिदास: म्हणजे?

स्वप्नाली: म्हंजी सपाट वाटंवर पाय का वढला त्यांनी? हितं ना धोंडा, ना खड्डा.

रोहिदास: तीच तर गंमत आहे! खड्ड्यात काय, कुणीही पडतो. काही नसताना पडायचं म्हणजे टायमिंग लागतं. कात्रजला कार्टूनचा कोर्स केला ना मी, तिथं पोरं महिना महिना घासायची एवढ्यासाठी. ह्याला उपजत आहे.

भीमा: पानी आनलंस व्हय गं, ठके?

स्वप्नाली: ठकी कोन? म्या स्वप्नाली हाय.

भीमा: मंग त्येच म्हनलं की.

रोहिदास: बघा! तोंडावरची रेषसुद्धा हलली नाही.

स्वप्नाली: हसू नगा, भावजी. ठकुबाई ह्यांची भैन. तिला किकवीला दिल्याला जमाना झाला, आन् कालपास्नं मला तिच्या नावानं हाका मारत्यात. काल सदरा उलटा घातला. परवा चुलीवरच्या पातेल्याला हात लावला, आन् भाजलं तरी हात मागं घेतला न्हाई. म्याच वढून काढला.

रोहिदास: तो सराव करतोय. गेले काही दिवस बघतोय मी, सारखं काहीतरी नवीन काढतो. आणि लोकांना ते आवडतंय. थांबा, वाचून दाखवतो. ‘भीमादादा, तुम्हाला बघितलं की दिवसाचा शीण जातो.’ हे दुसरं, मिरजेच्या बाईचं. ‘माझे वडील अंथरुणाला खिळलेत, फक्त तुमच्या व्हिडिओला हसतात.’ मला कुणी विचारत नाही, वहिनी. सगळं त्याला.

स्वप्नाली: मान्सानं पडायचं आन् लोकांनी खदाखदा हसायचं, ह्यात आवडन्यासारखं काय हाय?

रोहिदास: पडण्यात नाही आवडत. सांगू? लहानपणी बाजाराला खाली वेल्ह्यात गेलो की आम्ही दोघं कमळाबाईंच्या खानावळीत टीव्हीपुढं जाऊन बसायचो. एक जुनं परदेशी कार्टून लागायचं. बोलणं अजिबात नाही, नुसती धडपड. एक लांब पायांचा बगळा आणि एक बेडूक. बगळा बेडकाला धरायला जाणार आणि स्वतःच चिखलात. त्याच्यावर फळी पडणार, चाक पडणार, अख्खं झाड पडणार. सगळी पोरं बेडकाच्या बाजूनं ओरडायची. दादा एकटा बगळ्याच्या बाजूचा. आठवतंय का रे दादा?

भीमा: बगळा उपाशी व्हता.

रोहिदास: तेव्हाही हेच म्हणायचा! आणि बरोबर आहे ते. बेडूक हुशार, त्याला कधी काही होत नाही. म्हणून थोड्या वेळानं तो डोक्यात जातो. बगळा मार खातो, उठतो, पिसं झटकतो, मान ताठ करतो आणि मग हळूच बघतो, कुणी पाहिलं तर नाही ना. तिथं तो आपला होतो, वहिनी. एवढं झालं तरी इज्जत सोडत नाही बिचारा. आता दादा पडल्यावर काय करतो? टोपी नीट करतो आणि शेळीला रामराम घालतो. ते मी शिकवलेलं नाही. लोक त्या रामरामासाठी बघतात.

स्वप्नाली: आज केली का?

रोहिदास: काय?

स्वप्नाली: टोपी नीट. परत लावा बरं त्ये.

रोहिदास: हे बघा, पडला. आता उठतोय. आता... नाही, आज विसरला वाटतं.

स्वप्नाली: इसरले न्हाईत. उजव्या हाताकडं बगा. उचलाया गेले, आन् त्यो आलाच न्हाई वर. मंग डाव्यानं गवात धरून उठले.

रोहिदास: दमला असेल. ऊन झालंय. दादा, मघासारखा पाय ओढत ये ना एकदा. जवळून घेतो.

भीमा: मघासारखा कंचा?

रोहिदास: आत्ता नाही का आलास? त्या करवंदीपासून.

भीमा: म्या हितंच तर बसलोय. रोह्या, मेंढरं कुठं गेली रं?

रोहिदास: कसली मेंढरं?

भीमा: आपली. सांज व्हाया आली. खाली घ्याया पायजेल.

स्वप्नाली: अवो, मेंढरं कवाच इकली आपन. आन् सांज कुठली? आत्ता तर न्याहारी झाली तुमची.

भीमा: झाली व्हय?

रोहिदास: दादा, कॅमेरा बंद आहे. आता नको करू. वहिनी, तुम्ही माझ्याकडं असं बघू नका. हा मोबाईल धर, दादा. डाव्या हातात धर. तूच बघ मघाशी कसा आलास ते.

भीमा: आन हिकडं. आरं! ह्यो लई बेस पडतो की!

रोहिदास: मग!

भीमा: उठतोय बग, उठतोय. गरीब दिसतो बिचारा. मला आवडला ह्यो. कुठल्या गावचा?

रोहिदास: कोण?

भीमा: ह्यो पडनारा गडी.

स्वप्नाली: भावजी...

रोहिदास: दादा, पुरे आता मस्करी.

भीमा: मस्करी नव्हं. ह्याच्या घरी कळवलं का कुनी? त्याला बरं न्हाई, बग की. पाय कसा टाकतोय.

स्वप्नाली: भावजी, त्ये बंद करा. खाली दूधवाल्या गेनबाला फोन लावा. टेम्पोतलं दूध हाय तितं उतरव म्हनावं आन् वर ये. आत्ताच्या आत्ता.

*

रोहिदास: वहिनी, ह्याला जागं ठेवायला सांगितलंय. बोलत राहा त्याच्याशी.

स्वप्नाली: अवो, डोळं उघडा. वेल्ह्याच्या डागदरांनी लगोलग आंब्युलन्समदी घातलं आपल्याला. नसरापूर मागं पडलं बगा. आता मोठा रस्ता लागंल, मंग पुनं.

भीमा: हूं.

स्वप्नाली: भावजी, डागदरांनी बॅटरी मारून डोळं बघितलं आन् मला इचारलं, डोक्याला मार कवा लागला. म्या म्हनलं, मला ठावं न्हाई. तुमी भिंतीकडं बगत व्हता.

रोहिदास: गंजीवरून पडला होता. मागच्या महिन्यात.

स्वप्नाली: ज्यो लई चालला, त्यो व्हिडिओ?

रोहिदास: तोच. खाली पेंढा टाकला होता, वहिनी. मी स्वतः टाकला होता, कमरेएवढा. तो उडी मारताना जरा बाजूला गेला.

स्वप्नाली: बाजूला काय व्हतं?

रोहिदास: डोण.

स्वप्नाली: ढोरं पानी पित्यात ती? दगडाची?

रोहिदास: पण लगेच उठला तो! टोपी नीट केली, रामराम घातला. रक्त नाही, खोक नाही. मी विचारलं, लागलं का? म्हणाला, न्हाई रं, तू चांगलं आलंय का बग.

स्वप्नाली: त्यो व्हिडिओ म्या बी बघितला. पडल्याव टण्ण करून पातेल्यावानी वाजतं. म्या बी हसले.

रोहिदास: तो आवाज मी टाकलाय.

स्वप्नाली: मंग खरा कसा व्हता?

भीमा: पानी.

स्वप्नाली: पानी द्यायचं न्हाई म्हनल्यात. व्हट वले करते हां. भावजी, खरा आवाज कसा व्हता?

रोहिदास: नारळ दगडावर आपटला आणि फुटला नाही की होतो ना, तसा. मोबाईलवर नीट ऐकू येत होता. घरी जाऊन पुन्हा ऐकला मी. लोक घाबरतील म्हणून काढला आणि त्या जागी पातेल्याचा लावला.

स्वप्नाली: लोकांचं ऱ्हाऊ द्या. तुमी घाबरला व्हता का?

रोहिदास: हो.

स्वप्नाली: आन् मला सांगितलं न्हाई.

रोहिदास: दुसऱ्या दिवशी तो शेळ्या घेऊन गेला, वहिनी. तिसऱ्या दिवशीही गेला. डोकं दुखतंय म्हणाला, मी गोळी दिली. रोज उठत होता, हसत होता. मला वाटलं, उठतोय म्हणजे झालं.

स्वप्नाली: आता बोलू नगा. त्यांचा उजवा हात धरा. गार पडलाय. चोळा.

भीमा: रोह्या.

रोहिदास: हां, दादा! मी आहे. बोल.

भीमा: लई झोप याया लागली रं.

रोहिदास: झोपायचं नाही. दादा, इकडं बघ. तो बगळा... शेवटी त्याला काही खायला मिळायचं का रे?

भीमा: कुठलं? फुडल्या बाजाराला... पुन्यांदा उपाशी.

रोहिदास: आणि मग? मग काय करायचा? दादा?

स्वप्नाली: अवो! अवो, हिकडं बगा! भावजी, मान टाकली ह्यांनी. फुडची काच वाजवा. वाजवा की!

*

रोहिदास: वहिनी, येऊ का आत?

स्वप्नाली: या. दवाखान्यातनं घरी आनल्यापास्नं पयल्यांदाच आला तुमी. जागंच हायती. कालच टाकं काढून आनलं. डोस्कं खाजतंय म्हनून सकाळपास्नं माझ्या मागं लागल्यात.

भीमा: रोह्या, बस. तू... त्ये काय म्हंत्यात... बारीक झालास.

रोहिदास: तूच झालायस. हात कसा आहे?

भीमा: उठतो. मनात आलं की जरा यळानं उठतो.

स्वप्नाली: डागदर म्हनले, कवटीला भोक पाडून रगत काढलं. महिनाभर आतल्या आत साचत व्हतं म्हनं. आनखी एक रात घरी काढली असती तर आनायला नगं व्हतं, आसं म्हनले. आता बोलनं येतंय हळूहळू. एखादा शबुद घावत न्हाई, मंग चिडत्यात. पायाला टाईम लागंल.

रोहिदास: दादा, मी सगळे व्हिडिओ काढून टाकले. एकूण एक.

भीमा: हूं.

स्वप्नाली: तुमी काढलं, पर लोकांनी आपापल्याकडं ठिवल्यात त्याचं काय? ऐतवारी दोन गाड्या आल्या व्हत्या. पानशेतला फिराया आल्याली पुन्याची मान्सं. हे काठी टेकीत गोठ्याकडं निगालं व्हतं. झोक गेला तशी समदी टाळ्या वाजवाया लागली. म्या म्हनलं, अवो, आपरेशन झालंय ह्यांचं, टोपी काढून टाकं दावलं. तर एक पोरगी म्हनती कशी, मेकअप किती खरा केलाय!

रोहिदास: वहिनी, तेच सांगायला आलोय. आजही आलेत.

स्वप्नाली: कुठं?

रोहिदास: खाली टाकीपाशी गाड्या लावल्यात. सात-आठ जण वर चढताहेत. मी आडवा गेलो, हात जोडले, म्हटलं, तो आजारी आहे, परत जा. त्यांनी मला ओळखलं. तर माझ्याकडंच मोबाईल धरून हसायला लागले. म्हणाले, ह्याच्यात तुम्ही पण आहात का?

स्वप्नाली: मंग मारायचं एकाला.

रोहिदास: मी एकाला ढकललं. तो पडला आणि बाकीचे आणखी हसले.

स्वप्नाली: ऐका. नावानं हाका मारत्यात. म्या दार लावून घेते.

भीमा: नगं.

स्वप्नाली: नगं काय? आडना घालते आन् गप बसू आपन.

भीमा: रोह्या, मान्सं वंगाळ हायती का?

रोहिदास: नाहीत रे. तेच तर. बरी आहेत. एका बाईनं तुझ्यासाठी पेढे आणलेत. एकीच्या कडेवर पोर आहे, ते पोर लांबूनच ‘भीमादादा, भीमादादा’ करतंय. तू खरंच आवडतोस त्यांना, दादा. म्हणून तर ते ऐकत नाहीत.

भीमा: काठी दे गं.

स्वप्नाली: कशापायी?

भीमा: दार लावलं तर दारात बसत्याल. कवातरी भाईर यावंच लागंल, शेळ्या हायत्या. आज आल्यात तर बघूं दे. उभा ऱ्हातो त्यांच्याफुडं. नुसता उभा. काय व्हईना म्हनलं की जात्याल.

स्वप्नाली: आन् उंबऱ्याला पाय अडला तर? समदी मोबाईल धरून हायती. हसत्याल ती.

भीमा: हसूं दे. त्यास्नी काय ठावं? रोह्या, फुडं हो. तू हसू नगं, म्हंजी झालं.